एक जूनच्या पोरी

२८ नोव्हेंबर १९८२, रविवार

जिंकलो. हे आधी लिहून ठेवतो, पाय नंतर धुतो.

आज लातूरला अंतिम सामना होता. नवा जिल्हा होऊन साडेतीन महिने झाले. पंधरा ऑगस्टला उस्मानाबादेतून आम्हाला वेगळं काढलं तेव्हा शाळेत पेढे वाटा असा वरून निरोप होता. पावसाचा पत्ता नव्हता, पेढ्याचं तोंड कुणाला, म्हणून मी गूळ वाटला होता. त्या नव्या जिल्ह्याची ही मुलींची पहिली खो-खो स्पर्धा, अठरा वर्षांखालची, आणि पहिलं अजिंक्यपद आमच्या बोरवाडीचं. लातूर शहराच्या संघाला दोन गुणांनी पाडलं. त्यांच्या पायात बूट, आमच्या पोरी अनवाणी. मैदानावर शिंपायला पाणी नाही, धुरळ्यात पंचाला खांब दिसेना. पंचफुला पहिल्या तुकडीत उतरली ती तीन मिनिटं कुणाच्या हाताला लागली नाही. तिची आई कोंडाबाई दुष्काळी कामावरची हजेरी बुडवून आली होती. तोंडाला पदर लावून बसली, सामना संपला तरी पदर काढला नाही.

या पोरींना शिकवलं कुणीच नाही. पहिलीत होत्या तेव्हापासून माझ्या शाळेच्या अंगणात खेळतात. पंचफुला कर्णधार, तीच बाकीच्यांना शिकवते. माझी मुलगी सिंधु खेळताना तिच्या शेजारच्या पाटीवर बसते. मी मुख्याध्यापक, म्हणून काठावर उभा राहून ओरडतो आणि फॉर्म भरतो.

आता जानेवारीत राज्य स्पर्धा, तीही नांदेडला. फाट्यावरून थेट एसटी आहे, अख्खं गाव येणार. पंचफुलाला डी.एड.ला जायचं आहे, राज्य खेळल्याचं प्रमाणपत्र असलं तर उपयोग होतो म्हणतात. कोंडाबाईने मला हे दोनदा विचारून घेतलं आहे. बारातल्या आठ जणी पुढच्या वर्षी वयात बसत नाहीत, त्यामुळे जे काही व्हायचं ते यंदाच.

२ डिसेंबर, गुरुवार

बालाघाट खो-खो मंडळाचं पत्र आलं. नव्या जिल्ह्याचा संघ पाठवायचा अधिकार या मंडळाकडे आहे. पत्र जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे उद्या कुणी नाकारायला नको.

‘आपल्या संघातील बारा खेळाडूंपैकी अकरा खेळाडूंची जन्मतारीख १ जून अशी नमूद आहे. सदर बाब संशयास्पद असल्याने आपला संघ राज्य स्पर्धेच्या यादीतून कमी करण्यात येत असून उपविजेत्या लातूर शहर संघास पाठविण्यात येत आहे.’

कमी करण्यात येत आहे. भाजीत मीठ कमी करावं तसं. अक्षर बिघडतं आहे, बिघडू दे.

एक जून म्हणजे काय हे या मंडळाला ठाऊक नाही? अर्धा मराठवाडा एक जूनला जन्मलेला आहे. बाप पोराला शाळेत घेऊन येतो. जन्म कधीचा विचारलं की म्हणतो, विहिरीला पाणी लागलं त्या साली. म्हणतो, थोरली म्हैस मेली त्याच्या मागंपुढं. मास्तराने काय लिहायचं? जूनमध्ये शाळा उघडते, सहा वर्षं पुरी दिसली पाहिजेत, म्हणून एक जून. मी स्वतः एक जूनचा आहे, सन पंचवीसचा. माझ्या मास्तराने ती उर्दूत लिहिली होती. त्याच तारखेवर येत्या एकतीस मेला सरकार मला घरी पाठवणार आहे, तेव्हा सरकारला ती संशयास्पद वाटत नाही.

अकरा मुली एका दिवशी जन्मल्या म्हणून हसले असतील तिथे खुर्चीत बसून. बारावी सिंधु, तिची १९ ऑक्टोबर १९६५. ती जन्मली तेव्हा मी घरीच होतो, पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं, म्हणून तिची बरोबर आहे. यात संशय घेण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही.

४ डिसेंबर, शनिवार

भुजंगच्या सायकल दुकानापुढे गाव जमलं. हा भुजंग पोरींच्या प्रत्येक सामन्याला पदरचं पेट्रोल घालून टेम्पो काढतो आणि शिट्ट्या मारून घसा बसवून घेतो. तो म्हणाला, “गुरुजी, जिल्हा नवा हाय, मान्सं जुनीच हाईत.” लोक हसले, पण ते हसणं रागाचंच होतं. उस्मानाबादेच्या राज्यात आम्ही शेवटच्या टोकाचं गाव होतो, आता लातूर जवळ आलं म्हणून खूश होतो. जवळ आलं ते कापायलाच.

दोनशे चौदा सह्या झाल्या. मी तीन पत्रं लिहिली. एक मंडळाला, एक राज्य संघटनेला आणि एक वर्तमानपत्राला. भाषा कडक ठेवली आहे.

कोंडाबाई खडी फोडून परत चालली होती, तिलाही सही करायला बोलावलं. प्रौढ शिक्षणात शिकली आहे, वेळ लागतो पण करते. सही झाल्यावर विचारलं, त्यांना कागद कोणचा पाहिजे? मी म्हणालो, कोंडाबाई, प्रश्न कागदाचा नाही, हे राजकारण आहे, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, “कागद मागून राहिले आसतील तर द्यावा की, गुरुजी.” आणि घमेलं उचलून गेली. या साध्या माणसांना जग कसं चालतं ते समजावता येत नाही.

८ डिसेंबर, बुधवार

लातूरला जाऊन आलो. मंडळाचं कार्यालय म्हणजे सचिव व्यंकटरावांच्या डाळ मिलमधली मागची खोली. बाहेर तुरीचा भुसा उडतो, आत पंखा आणि गादीची खुर्ची. त्यांची पुतणी शहर संघात खेळते, हे ते लपवतसुद्धा नाहीत. मी बोलून घेतलं. आवाज चढला असेल, मिलमधले हमाल दारात येऊन उभे राहिले होते.

व्यंकटरावांचा आवाज काही चढला नाही. मला पाणी दिलं. म्हणाले, दोन रस्ते आहेत. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला उतारा आणा. नाहीतर मुख्याध्यापक म्हणून एक ओळ लिहून द्या, की शाळेतल्या तारखा अंदाजाने घातल्या, खऱ्या अमुक अमुक आहेत. मग मुलींना सरकारी डॉक्टरकडून वयाचा दाखला घेऊ. “वीस तारखेपर्यंत द्या. संघ तुमचाच जाईल.”

ती ओळ मी लिहायची. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या दाखल-खारीज रजिस्टरात खाडाखोड नाही. तपासणीस आले की शेजारच्या शाळांना माझं रजिस्टर दाखवायला नेतात. आणि निवृत्तीला सहा महिने उरले असताना मी लिहून द्यायचं की मी खोटं लिहिलं. ही ओळ ते माझ्याच गळ्यात अडकवणार, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं. असल्या माणसाच्या हातात आपल्या सहीचा कागद देऊ नये.

निघताना म्हणाले, तुमच्या मुलीचे कागद स्वच्छ आहेत, ती चांगली खेळते, आमच्या संघात एक जागा आहे. मी चपला घालून बाहेर पडलो. एसटीत मात्र डोक्यात तेच होतं. निदान एक तरी पोर गावाची जाईल, असाही विचार करता येतो.

११ डिसेंबर, शनिवार

उताऱ्यासाठी दोन दिवस हिंडलो. एका कचेरीत म्हणाले, त्या सालांचं दप्तर जुन्या जिल्ह्यात आहे. दुसरीकडे म्हणाले, जिल्ह्याच्या वाटणीत गाठोडी बांधून नव्या जिल्ह्याला निघालीत, अजून सुटली नाहीत. म्हणजे सध्या ती कुठे आहेत हे कुणीच सांगू शकत नाही. जिल्हा वाटताना खुर्च्या आधी पोचल्या.

आणखी दोन पत्रं टाकली. एकूण पाच.

१५ डिसेंबर, बुधवार

आज येळवस, वेळ अमावस्येचा सण. दरवर्षी शेतात कडब्याचं खोपट, म्हणजे कोप करून आंबिल, भज्जी, रोडगे, गावभर एकमेकांच्या शेतात बोलावणी. यंदा ज्वारी घोट्याएवढी होऊन वाळली आहे, कोप करायला ज्वारीचं ताट मिळेना, सिंधुच्या आईने, लक्ष्मीबाईने, जुन्या साडीचा आडोसा केला. रीत मोडायची नाही एवढ्यासाठी गेलो.

जेवण झाल्यावर सिंधुला व्यंकटरावांचं सांगितलं. मी म्हणालो, तू गेलीस तर बोरवाडीचं नाव राज्यात लागेल, बाकीच्यांनाही आनंदच होईल. तिने हातातला आंबिलीचा गडवा खाली ठेवला. मग म्हणाली, “बापू, माजी तारीक खरी हाय कारण मी तुमच्या घरी जन्मले. त्याच्यात माजा खेळ कुठं आला?”

मी म्हणालो, पोरी, भावनेच्या भरात बोलू नकोस. ती म्हणाली, न्हाई जाणार. लक्ष्मीबाई मध्ये पडेल असं वाटलं होतं, ती भांडी घासत बसली. तीही हल्ली या बाबतीत माझ्याशी धड बोलत नाही. माझ्याच घरात मंडळाचा राग माझ्यावर निघतो आहे.

१७ डिसेंबर, शुक्रवार

गावात कळलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, येळवशीला शेजारच्या बांधावर कुणी ऐकलं असेल. भुजंगच्या दुकानावरून गेलो तर रामराम नाही. पंक्चरचं काम चालू आहे असं दाखवत होता, हातातल्या ट्यूबमध्ये तर हवा भरलेली होती. पुढे गेल्यावर मागून ऐकू आलं, की गुरुजींनी पोरीची सोय लावली.

मी परत फिरून चांगलं सुनावलं. म्हणालो, पाच पत्रं कुणी लिहिली? पदरच्या पैशाने लातूरला कोण गेलं? भुजंग म्हणाला, “पाच लिवली मनता. ते मागतेत ते सहावं कामून लिवना गेलात?” त्याला हे कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हणालो, तो डाव आहे. तो म्हणाला, आसंल बी. आणि ट्यूब पाण्यात बुडवून बघू लागला.

लोक असे असतात. जिंकलो तेव्हा टेम्पोत खांद्यावर घेतलं होतं.

पोरी अजून रोज संध्याकाळी खेळतात. खडी फोडून येतात आणि खेळतात. त्यांना थांबा म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

१९ डिसेंबर, रविवार

सुट्टी असून शाळेत बसलो होतो, सहावं पत्र लिहीत. मंत्र्यांना. नांदेडला काळे झेंडे दाखवू असा इशाराही घातला होता. कोंडाबाई दारात आली. आत ये म्हणालो. ती उंबऱ्यातच बसली.

मी पत्र वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग जे बोलली ते मी शब्दाला शब्द लिहितो, कारण दुपारपासून दुसरं काही सुचलेलं नाही.

“गुरुजी, तुमाला याद हाय का न्हाई ठावं न्हाई. पंचफुलाला शाळंत घालाया तिचा बाप आला नव्हता, मी आले व्हते. तुमी इचारलं, कवाची? मी मनले, चौदा एप्रिल. जयंतीची मिरवणूक वस्तीत आली आन् ही झाली. पासष्ट साल. मला तारीक येती, गुरुजी, तेवडी येकच येती. तुमी हासले. मनले, तुमच्या वस्तीत समद्यालाच चौदा एप्रिलला जन्मायचं आसतंय. आन् लिवली एक जून.”

मी म्हणालो, मला आठवत नाही.

ती म्हणाली, “त्या मंडळावर मी कामून चिडू? ते तर आत्ता आलंय.”

त्यानंतर बसली नाही. रविवारचं रोजगार हमीचं काम बंद असतं, पण पाण्याच्या टँकरची वेळ झाली होती.

मला आठवतं. हिरवं लुगडं होतं. पोरगी तिच्या मागे लपत होती आणि मी हसलो ते शेजारी बसलेल्या पाटलाला बघून हसलो. मी काही तिचा अपमान करायला बोललो नव्हतो, सहज बोललो होतो. सत्तर पोरं दाखल करायची होती त्या आठवड्यात. एकेकाचं खरं-खोटं कुठे बघत बसणार. हे सगळं खरं आहे, आणि लिहून झाल्यावर वाचलं तर कशालाच उत्तर होत नाही.

उद्या वीस तारीख.

२० डिसेंबर, सोमवार

सकाळी पत्र लिहायला बसलो. पहिला खर्डा: ‘सदर तारखा अंदाजाने लिहिल्या गेल्या.’ फाडला. दुसरा: ‘तत्कालीन परिस्थितीत तारखा नोंदविण्यात आल्या.’ तोही फाडला. मंडळाचीच भाषा माझ्या हातून येत होती. तिसऱ्यात लिहिलं: ‘या तारखा मी लिहिल्या. मी विचारलं नाही.’ एवढ्याला दहा वाजले.

मग लक्षात आलं की खऱ्या तारखा लिहायच्या तर त्या मला ठाऊकच नाहीत. रजिस्टर बंद केलं, पोरांना सहशिक्षकावर सोपवलं आणि घरोघर निघालो.

मला वाटलं होतं, कुणालाच सांगता येणार नाही. पण अकरा घरांत नऊ आया अशा होत्या की प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. एकीची येळवशीची, आंबिल चुलीवर होती म्हणे. एकीची नागपंचमीच्या आदल्या दिवशीची, झोका बांधून ठेवलेला तसाच राहिला. शिवम्माची पोर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. शिवम्मा म्हणाली, “बैलं धुऊन आलो आन् कळा सुरू झाल्या.” दहावीची आई वारली आहे, तिच्या आत्याने सांगितली. कोंडाबाईची तर कालच कळली. बारा वर्षं मी म्हणत आलो की या लोकांना जन्मतारखा ठाऊक नसतात. मी बापांना विचारत होतो. आयांना कुणी विचारलंच नव्हतं.

दुपारी पेटीतून जुनी पंचांगं काढली. तिथी लावून तारखा काढल्या, दोनदा ताडून बघितल्या. लक्ष्मीबाईने कंदील लावून दिला तेव्हा शेवटची झाली. कार्बन घालून पक्की प्रत केली. शेवटची एसटी केव्हाच गेली होती. भुजंगला टेम्पो काढ म्हणावं असं मनात आलं, पण कालपरवाच्या बोलण्यानंतर त्याच्या दारात जाणं जमलं नाही.

उद्या पहिल्या गाडीने जातो. एका दिवसाने काय होतं.

२१ डिसेंबर, मंगळवार

व्यंकटरावांनी पत्र सावकाश वाचलं. मग म्हणाले, मुदत काल होती. मी म्हणालो, व्यंकटराव, एका दिवसाचा प्रश्न आहे, अकरा घरं फिरून खऱ्या तारखा आणल्या आहेत.

ते म्हणाले, “गुरुजी, तुम्ही अकरा मुली एका दिवसात कोंबल्या. आणि मला म्हणता एक दिवस पुढं सरका.”

तिथे मी पत्राची दुसरी प्रतही पुढे ठेवली. आता सुचतं आहे. त्यांच्या पुतणीसाठी मुदत किती वेळा सरकली असती, हे विचारायला हवं होतं. आठ तारखेला मीच पत्र दिलं असतं तर काय बोलले असते, हेही विचारायला हवं होतं, पण ते मला कुणी विचारू नये असं वाटतं.

दोन्ही प्रतींवर आवकचा शिक्का मारून घेतला. म्हणाले, वर कळवतो.

६ जानेवारी १९८३, गुरुवार

वर कळवलं त्यांनी. ‘मुख्याध्यापकांनी खोट्या नोंदींची स्वतः लेखी कबुली दिली असल्याने’ बोरवाडीचं जिल्हा अजिंक्यपदही रद्द. ढाल परत करावी. संघावर दोन वर्षं बंदी. एक प्रत शिक्षण खात्याला, तिथून माझ्याकडे खुलासा मागवला आहे.

ओळ मागितली ती याच्यासाठी. एक ओळ लिहून द्या, संघ तुमचाच जाईल, असं याच माणसाने मला पाणी देऊन सांगितलं होतं. नाही दिली तर संशयास्पद, दिली तर खोटारडे. मुदत संपली म्हणून कागद चालला नाही, पण बंदी घालायला तोच कागद चालला. माझ्या पत्रात अकरा खऱ्या तारखा आहेत. त्यातली एकही कुणी तपासली नाही, एकाही मुलीला डॉक्टरपुढे उभं केलं नाही. पोरींची वयं बसत होती. आजही बसतात. माझ्यावर खटला भरा, माझं निवृत्तिवेतन अडवा, मी हात पुढे करतो. पण ज्यांनी जिंकलं त्यांचं जिंकणं कुठल्या कलमाखाली पुसता?

खुलासा लिहिला. लांबण लावली नाही, पत्रात लिहिलं तेच लिहिलं.

ढाल भुजंगने दुकानात जुन्या टायरांखाली दडपून ठेवली आहे. म्हणतो, न्यायला या म्हणावं त्येंना. आज त्याने मला रामराम घातला.

१६ जानेवारी, रविवार

नांदेडहून आत्ताच आलो. लिहून टाकतो.

गाव टेम्पोने गेलं होतं. ठरलं होतं असं की नव्या जिल्ह्याचा संघ उतरला की आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवून बसायचं. टाळी नाही, शिट्टी नाही, घोषणाही नाही. मंडळाला कळू दे की ज्यांच्या जिवावर मैदान भरतं त्यांचा यांच्यावर विश्वास उरलेला नाही. ही कल्पना भुजंगची आणि ती चांगली होती. चाळीस-पन्नास माणसं मैदानाकडे पाठ करून बसली. बाकीचे प्रेक्षक विचारू लागले, काय भानगड आहे? भुजंग एकेकाला सांगत होता. व्यंकटराव मांडवातून बघत होते, मग बघायचे थांबले. मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

आमच्यात एकटी पंचफुला मैदानाकडे तोंड करून उभी होती. मी म्हणालो, पोरी, बस. तिला ऐकूच गेलं नाही. शहर संघाची एक मुलगी, तीच व्यंकटरावांची पुतणी, घाबरून खांबापासून लांब पळत होती आणि समोरच्या तिला कोपऱ्यात घेत होत्या. पंचफुला एकदम ओरडली, “खांबाकडं वळ, खांब सोडू नको!” त्या पोरीने वळून बघितलं, खांब धरला आणि सुटली. आमच्या माणसांनी चमकून माना वळवल्या. भुजंग चिडला. मलाही राग आला. मग बघितलं तर पंचफुलाचे पाय जागच्या जागी हलत होते, सिंधुचेही, बाकीच्यांचेही. पाठ फिरवून बसलेल्या पोरींचे पाय.

संघ हरला. त्याचा आनंद मानायचं ठरलं होतं, कुणाला मानता आला नाही.

शिक्क्याची प्रत मी बरोबर नेली होती. राज्य संघटनेच्या तीन माणसांपुढे धरली. एकाने चष्मा नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्याने मंडळाकडे बोट दाखवलं, तिसरा जेवायला गेला. परत आलो तर टेम्पोजवळ पोरी उभ्या होत्या. पंचफुलाने विचारलं, “गुरुजी, त्याच्यात माजी कोणची लिवली?”

मी कागद दिला. तिने बोट ठेवून वाचलं. चौदा एप्रिल एकोणीसशे पासष्ट. मग बाकीच्या गोळा झाल्या. प्रत्येकीने आपली ओळ शोधली. येळवशीची पोर हसली, म्हणाली, मी तर लई धाकटी निघाले. कुणीतरी कुणाला चिडवलं. अकरा जणी पहिल्यांदाच वेगवेगळ्या दिवशी जन्मल्या होत्या आणि त्याच दिवशी त्यांचा खेळ संपला होता. सिंधु थोडी बाजूला उभी होती, तिला त्यात बघायचं काही नव्हतं.

मी कागदासाठी हात पुढे केला. म्हणालो, आण इकडे, खात्यापुढे लागेल, माझ्याजवळ नीट राहील.

पंचफुलाने घडी घातली आणि पोलक्यात खोचली.

“तुमच्याजवळ नको, गुरुजी,” ती म्हणाली. “तुमच्याजवळ आसली तर परत एक जून व्हईल.”

ती रागाने बोलली नाही. टेम्पो सुरू झाला होता, सगळ्या चढल्या. मला भुजंगने हात देऊन वर घेतलं.